टेलर जिंकला, कुस्ती बिगेलोने केली

मित्रहो, २ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीची अकरावी रेसलमेनिया, म्हणजे तिचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, झाली. त्या रात्रीची शेवटची लढत अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी नव्हती. पट्ट्यासाठी झुंजणारे डीझल आणि शॉन मायकल्स आधीच रिंगमध्ये येऊन गेले होते. शेवटचा मान ठेवला होता तो आयुष्यात कधीही कुस्ती न खेळलेल्या एका निवृत्त फुटबॉलपटूसाठी. त्याचे नाव लॉरेन्स टेलर, आणि त्याच्यासमोर उभा होता डोक्यावर ज्वाळा गोंदवून घेतलेला, वजनाने चारशे पौंडांच्या आसपासचा बॅम बॅम बिगेलो. टेलर जिंकला. आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः हरलेल्या माणसाविषयी.

फुटबॉल म्हणजे येथे अमेरिकन फुटबॉल, डोक्याला हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळला जाणारा. टेलर १९८१ ते १९९३ या काळात न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला. त्याचे स्थान लाइनबॅकरचे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला जमिनीवर लोळवणे हे त्याचे मुख्य काम. ते तो इतक्या भीषण वेगाने करी की १९८६ साली त्याला संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आले, जो मान बचावातल्या खेळाडूच्या वाट्याला क्वचितच येतो.

अशा माणसाला रिंगमध्ये आणण्यामागे कुस्तीचे प्रेम नव्हते, धंद्याची गरज होती. आदल्या वर्षी, जुलै १९९४ मध्ये, कंपनीचे मालक विन्स मॅकमहन स्टेरॉइड प्रकरणातल्या खटल्यातून निर्दोष सुटले होते खरे, परंतु कंपनीच्या नावावर मळभ आले होते आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी तिची चांगल्या अर्थाने दखल घ्यावी अशी नितांत आवश्यकता होती. न्यूयॉर्कचा लाडका खेळाडू ती दखल फुकटात मिळवून देणार होता. मग जानेवारीत रॉयल रंबलच्या कार्यक्रमात टेलर पहिल्या रांगेत बसला, बिगेलो आपली लढत हरला, टेलर हसताना त्याला दिसला आणि बिगेलोने त्याला ढकलले. एवढ्या भांडवलावर पुढचे दोन महिने निघाले.

ही वाट नवी नव्हती. शिकागो बेअर्स या फुटबॉल संघाचा ब्रॉन्को नागुर्स्की १९३७ साली डीन डेटनला हरवून कुस्तीतला जागतिक विजेता म्हणवला गेला. त्या काळी फुटबॉलच्या पगारावर घर चालवणे कठीण होते, तेव्हा कुस्ती ही हौस नसून जोडधंदा होता. १९६० च्या दशकातल्या अर्नी लॅड आणि वाहू मॅकडॅनियल यांनीही फुटबॉलचा हंगाम संपला की कुस्तीचा दौरा धरला. १९८६ च्या दुसऱ्या रेसलमेनियात तर वीस जणांच्या झुंडलढतीत, जिथे दोरांवरून बाहेर पडला तो बाद, सहा फुटबॉलपटू उतरवले होते. त्यात विल्यम पेरी या महाकाय खेळाडूला बिग जॉन स्टडने दोरांवरून बाहेर फेकले आणि पेरीने खालून हस्तांदोलनासाठी हात पुढे करून त्या हातानेच स्टडलाही खाली ओढले. तो प्रसंग आजही हसवतो, कारण त्यात पेरीला खोटे असे काही करावेच लागले नाही.

खरी अडचण सुरू होते ती पूर्ण लढत करायची वेळ आली की. आपल्याकडे आधी ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती शिवी आहे. खासबागेच्या मातीत असे करणाऱ्या मल्लाला प्रेक्षक क्षमा करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु अमेरिकेतला हा प्रकार ती शिवी उघडपणे मान्य करूनच उभा आहे. दशावतारात संकासुर विष्णूच्या हातून मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक असते, तरीही संकासुराचे काम करणारा नट कच्चा असेल तर रात्र फुकट जाते. निकाल ठरलेला असतो, पण वीस फूट बाय वीस फुटांच्या चौकोनात, हजारो लोकांसमोर, एकमेकांना खरोखर न मोडता तो निकाल खरा वाटायला लावणे हे ठरवून होत नसते.

येथे मला १८ नोव्हेंबर १९८५ ची वॉशिंग्टनमधली रात्र आठवते. जायंट्सविरुद्धच्या सामन्यात टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला पाडले आणि थाइझमनच्या पायाची हाडे मोडली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर देशभर दिसले आणि थाइझमनची कारकीर्द तेथेच संपली. टेलर स्वतः उठून डॉक्टरांसाठी वेड्यासारखे हातवारे करत होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने नियमबाह्य काहीही केले नव्हते. त्याचा खेळच तसा होता. फुटबॉल शरीराला शिकवतो की समोरच्याच्या आरपार जा. कुस्तीचे रिंग त्याच शरीराला सांगते की त्याच वेगाने जा, पण पोहोचल्यावर त्याला सांभाळ, कारण तो आपले सर्वांग तुझ्या हाती सोपवून हवेत उडतो आहे. शिवाय पाठीवर सपाट पडणे, ज्याला या धंद्यात बंप घेणे म्हणतात, आणि समोरच्याचा फटका लागला असे अंगभर दाखवणे, ज्याला सेल करणे म्हणतात, या दोन गोष्टी फुटबॉलपटूच्या अभिमानाला मुळातच मानवत नाहीत. त्याने सारी वर्षे दुखले तरी दाखवायचे नाही हेच शिकलेले असते.

म्हणून हार्टफर्डची ती साधारण बारा मिनिटे मी पुन्हा पुन्हा पाहतो. टेलरकडे देण्यासारखे मोजकेच होते: कोपरापासूनच्या हाताचे तडाखे, एक-दोन उचल आणि पहिल्या काही मिनिटांचा दम. बिगेलोने त्या मोजक्या भांडवलावर बारा मिनिटांचा संसार मांडला. टेलरचा प्रत्येक तडाखा त्याने असा घेतला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो लागावा. टेलरची छाती भात्यासारखी हलू लागली की बिगेलो त्याला पकडीत घेऊन जमिनीवर थांबवी. पाहणाऱ्याला वाटे की राक्षस छळतो आहे, आणि प्रत्यक्षात तो त्याला श्वास घेऊ देत होता. मग एवढा अवाढव्य माणूस सर्वांत वरच्या दोरावर चढून पालथी कोलांटी मारत टेलरवर आला, आणि टेलर त्यातूनही सुटला. शेवटी टेलरने मधल्या दोरावरून उडी घेत हाताचा तडाखा दिला, बिगेलो पाठीवर पडला आणि पॅट पॅटर्सन या पंचाने तीनदा थाप मारली. हा पॅटर्सनही साधा पंच नव्हे, याच कंपनीच्या इंटरकॉन्टिनेंटल या दुसऱ्या पट्ट्याचा १९७९ सालचा पहिला विजेता. नवख्याच्या दोन्ही बाजूंना दोन जुने जाणते उभे होते.

असे दोघे नसले की काय होते, तेही सांगतो. बिल गोल्डबर्ग अटलांटा फाल्कन्स या फुटबॉल संघातून दुखापतीने बाहेर पडला आणि १९९७ साली डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत उतरला. त्याचा स्पिअर हा डाव म्हणजे मैदानावरचा टॅकलच, म्हणजे धडक देऊन पाडणे, जवळपास जसाच्या तसा उचललेला, आणि लोकांना तोच हवा होता. जुलै १९९८ मध्ये त्याने अटलांटातच तेव्हाचा विजेता हल्क होगन याला हरवले. त्याच्या लढती बहुधा दोन-तीन मिनिटांत संपत, त्यामुळे समोरच्याला सांभाळत लढत लांबवण्याची विद्या त्याला सावकाश शिकायला मिळालीच नाही. डिसेंबर १९९९ मध्ये, पुन्हा वॉशिंग्टनमध्येच, त्याची एक लाथ ब्रेट हार्ट या जुन्या जाणत्या मल्लाच्या डोक्याला खरोखर लागली. आपल्या हातून कोणी मल्ल गंभीर जखमी झाला नाही याचा हार्टला अभिमान होता; त्या लाथेनंतर काही महिन्यांतच त्याला निवृत्त व्हावे लागले. गोल्डबर्गच्या मनात दुष्टावा होता असे कोणी म्हणत नाही, हार्टही नाही. फुटबॉलचे शरीर क्षणभर जुन्या सवयीवर गेले, इतकेच.

ड्वेन जॉन्सन ऊर्फ द रॉक आणि रोमन रेन्स हे दोघेही फुटबॉलमधून आले असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. दोघेही कुस्तीच्या घराण्यातले. फुटबॉल हे त्यांचे माहेर नव्हे, मधला मुक्काम होता. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यातला जर्मनीचा गोलरक्षक टिम व्हीझे मात्र २०१६ साली म्युनिकमध्ये एकच लढत खेळून थांबला. गोलरक्षकाला पडण्याची सवय असते, त्यामुळे मला त्याच्याकडून जरा अधिक अपेक्षा होती, हे कबूल करतो.

टेलर त्या रात्रीनंतर पुन्हा लढला नाही, आणि हा त्याचा शहाणपणा. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या त्याच्याच होत्या, कारण त्या त्याच्याच व्हाव्यात म्हणून सारा घाट घातला होता. बिगेलोने त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी सोडली, पुढे आणखी काही वर्षे निरनिराळ्या रिंगांमध्ये आपले अवजड शरीर हवेत फेकत राहिला, आणि जानेवारी २००७ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, फ्लोरिडात वारला.