सर्वाधिक मतं आणि सारं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रामपंचायतीची मोजणी तहसीलला आटोपते, गुलाल उधळत ट्रॅक्टर गावात शिरतो आणि कुणीतरी ओरडतं, ‘सारं गाव आपल्या मांगं हाय!’ त्या वाक्याबद्दल आज बोलायचं आहे.

समजा, सरपंचपदाला पाच जण उभे राहिले आणि हजार मतं पडली. पहिल्याला ३१०, दुसऱ्याला २७०, मग २००, १४० आणि ८०. तीनशे दहावाला निवडून आला. कायद्यानं तो पक्का सरपंच, त्यात काही खोट नाही. सरपंचापासून खासदारापर्यंत आपल्याकडे हाच नियम: दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त असलं की झालं, आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी. पण त्याच गावात ६९० जणांनी दुसरं बटण दाबलेलं असतं. सर्वांत जास्त मतं आणि निम्म्याहून जास्त मतं, यांत एवढा फरक पडतो. दिल्लीतही तेच. १९८४ मध्ये काँग्रेसला चारशेवर जागा मिळाल्या, तरी मतं निम्म्याच्या आत राहिली. २०१४ मध्ये भाजपनं २८२ जागा जिंकल्या त्या सुमारे ३१ टक्के मतांवर.

दुसरी रीतही आपल्याला नवी नाही. अमरावती आणि नागपूर विभागातले शिक्षक व पदवीधर विधान परिषदेला मत देतात, तेव्हा नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ‘कोटा’, गाठावा लागतो. कुणीच गाठला नाही, तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. म्हणून ती मोजणी रात्रभर चालते. मला ती रीत जास्त न्याय्य वाटते. हरलेल्याच्या मतदारालाही तिथं पुन्हा विचारलं जातं.

आणि गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. गोंडांचं छोटं गाव. तिथं ग्रामसभेत हात वर करून मोजणी होत नाही. सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलणं चालतं, आज नाही झालं तर पुढच्या बैठकीत. वेळ जातो, पण नंतर कुणी ‘मला विचारलंच नाही’ म्हणत नाही. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावानं मिळवला, तोही अशाच बैठकांच्या बळावर.

प्रत्येक गावाला मेंढ्यासारखं जमेल असं मी म्हणत नाही. मोठ्या गावात, दोन-तीन पॅनलच्या ईर्ष्येत ते फार अवघड आहे. पण त्या ६९० जणांची जागा कायद्यानं ठेवलेली आहे: ग्रामसभा. तिथं निवडून आलेला, पडलेला, मत न दिलेला, सगळे मतदार सारखेच सभासद असतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पाण्याचा, रेशनचा विषय तिथं जितका मोकळेपणानं निघतो तितका चावडीवर निघत नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या हजर लागते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग वीस माणसांत घरकुलाची यादी मंजूर होते, आणि ती कायदेशीर असते. येत्या २६ जानेवारीला, १ मेला, तुमच्या गावात दवंडी किंवा नोटीस आली, तर विषयपत्रिका वाचा आणि शेजाऱ्यालाही सोबत घेऊन जा, त्यानं कुणालाही मत दिलेलं असो.

नमस्कार.