दार आणि अडसर

(दृश्य : निकोशिया, लेद्रा रस्ता. सकाळ. दुकानांची शटरं वर जात आहेत.)

हा लेद्रा रस्ता, सायप्रसच्या राजधानीतला. कपड्यांची दुकानं, आइस्क्रीम, चपलांचा सेल, कॉफीचा कप समोर ठेवून तासभर बसलेले आजोबा. वाहनांना बंदी, त्यामुळे माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात. असंच चालत गेलं की एक खिडकी लागते. आत पोलीस. ओळखपत्र दाखवायचं. मग थोडी मोकळी जागा, दोन्ही बाजूंना बंद इमारती. पुढे दुसरी खिडकी, दुसरे पोलीस, पुन्हा ओळखपत्र. आणि पुन्हा कपड्यांची दुकानं, पुन्हा कॉफी. मागे पाट्यांवर ग्रीक अक्षरं होती, इथे तुर्की आहेत. मागे युरो चालत होता, इथे लिरा.

या जागेला ग्रीक बोलणारे सायप्रसवासी ‘ओदोफ्राग्मा’ म्हणतात. म्हणजे रस्त्यात घातलेला अडथळा. तुर्की बोलणारे म्हणतात ‘कापी’. म्हणजे दार. जागा एकच. एकाला तिथे अडसर दिसतो, दुसऱ्याला दार.

(दृश्य : आकाशातून जुनं शहर. ताऱ्यासारखा तट.)

सायप्रस हे भूमध्य समुद्रातलं बेट. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर. आपल्या मापाने रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं आणि साताऱ्यापेक्षा लहान. एवढ्याशा जागेत दोन प्रशासनं, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आणि ब्रिटनचे दोन लष्करी तळ. तळांच्या जमिनीवर आजही ब्रिटनचीच सार्वभौम सत्ता.

राजधानीचा हा तट व्हेनिसच्या लोकांनी १५६७ मध्ये बांधायला घेतला. त्याला अकरा बुरूज आहेत. आज त्यांतले पाच दक्षिणेकडे, पाच उत्तरेकडे आणि एक संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या पट्ट्यात. वाटणी करायला बसलेल्या भावांनीसुद्धा इतकी काटेकोर वाटणी केली नसती.

ब्रिटिशांकडून १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं. लोकवस्तीत तीन चतुर्थांशाहून जास्त ग्रीक भाषक, एक पंचमांशाहून थोडे कमी तुर्की भाषक. राज्यघटनेने अध्यक्ष ग्रीक आणि उपाध्यक्ष तुर्क असं ठरवून दिलं. तीन वर्षांत ते मोडलं. डिसेंबर १९६३ मध्ये राजधानीत रक्त सांडलं, तेव्हा मेजर जनरल पीटर यंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. तिचं नाव पडलं हिरवी रेषा. हाताशी लाल पेन्सिल असती, तर नाव वेगळं पडलं असतं.

मग १९७४. १५ जुलैला अथेन्समधल्या लष्करशहांच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झालं. बेट ग्रीसला जोडायचं, हा त्यामागचा जुना हट्ट. पाच दिवसांनी, २० जुलैला, तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. ऑगस्टच्या मध्यावर युद्ध थांबलं तेव्हा बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्या सैन्याच्या हाती होता. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसवासी घरं सोडून दक्षिणेला गेले, चाळीस हजारांहून जास्त तुर्की सायप्रसवासी घरं सोडून उत्तरेला. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याला मान्यता देणारा देश आजवर एकच, तुर्कस्तान.

मधला पट्टा सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. शहरात तो एखाद्या गल्लीएवढा अरुंद होतो, रानात सात किलोमीटरपर्यंत पसरतो. ग्रीकमध्ये त्याला ‘मृत पट्टा’ म्हणतात, तुर्कीत ‘मधला भाग’. इथेही शब्द वेगळेच.

(दृश्य : विमानतळ. सरकत्या पट्ट्यावर बॅगा.)

आता समजा, लातूरचा एक मुलगा इथे शिकायला निघाला आहे. ‘सायप्रसमध्ये शिका’ अशी जाहिरात त्याने पाहिली. जाहिरातीत समुद्र आहे, हिरवळ आहे, पदवीची टोपी आहे. त्याने एजंटला विचारायला हवा असा एकच प्रश्न आहे : विमान कुठे उतरणार?

लार्नाका किंवा पाफोसला उतरलं, तर तो सायप्रस प्रजासत्ताकात आला. हा देश २००४ पासून युरोपीय संघाचा सदस्य. एर्जानला उतरलं, तर तो उत्तरेत आला. एर्जानला थेट येणारी विमानं फक्त तुर्कस्तानातून. बाकी जगातून येणाऱ्याला आधी तुर्कस्तानात उतरावं लागतं. दक्षिणेच्या कायद्यानुसार एर्जान हे प्रवेशाचं वैध ठिकाणच नाही. म्हणून एर्जानमार्गे आलेल्या भारतीय मुलाला लेद्रा रस्त्यावरच्या त्या खिडकीतून दक्षिणेत जाता येत नाही. पासपोर्टची अडचण आली आणि भारतीय उच्चायुक्तालय गाठायचं झालं, तर तेही निकोशियातच आहे. पण दक्षिण निकोशियात. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतकं जवळ.

ही गोष्ट पोरांना इथे पोचल्यावर कळते, तेव्हा फी भरून झालेली असते. फसवायला खोटं बोलावंच लागतं असं नाही. अर्धं वाक्य गाळलं तरी पुरतं.

बरं, उत्तरेची विद्यापीठं म्हणजे चार खोल्यांची दुकानं, असंही कुणी समजू नये. फामागुस्तातलं ईस्टर्न मेडिटेरेनियन विद्यापीठ १९७९ मध्ये तंत्रशिक्षण संस्था म्हणून सुरू झालं. अंकाऱ्याच्या नावाजलेल्या तंत्रविद्यापीठाचंही उत्तरेत आवार आहे. जगाने व्यापार नाकारला, थेट विमानं नाकारली, मग उत्तरेने एक असा माल शोधला जो स्वतःच्या पायांनी चालत येतो : विद्यार्थी. काही वर्षांत त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. उत्तरेची एकूण वस्तीच काही लाखांची. बरीच मुलं तुर्कस्तानातली, बाकीची आफ्रिकेतली आणि आशियातली. घरभाडी, खानावळी, फोनची दुकानं, सगळं त्यांच्यावर उभं आहे.

त्यांना घरून पत्र यायचं असेल, तर पत्त्यात सायप्रस लिहून चालत नाही, ते पाकीट दक्षिणेला जाईल. लिहायचं ‘मेर्सिन १०, तुर्कस्तान’. मेर्सिन हे समुद्रापलीकडचं तुर्की बंदर. मुलगा राहतो एका देशात, त्याचा पत्ता असतो दुसऱ्या देशात.

दक्षिणेत सायप्रस विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं आणि पहिले विद्यार्थी १९९२ मध्ये आले. कायद्याने शिकवण्याच्या भाषा दोन, ग्रीक आणि तुर्की. व्यवहारात वर्ग ग्रीकमध्ये भरतात. कागदावर देश अजून एकच आहे, त्याची ही खूण.

(दृश्य : फामागुस्ताचा किनारा. उन्हात काळपट पडलेली हॉटेलं, खिडक्यांना काचा नाहीत.)

फामागुस्तात शिकणारी मुलं संध्याकाळी समुद्रावर जातात. वाळू मऊ, पाणी निळं. आणि किनाऱ्याला लागूनच उंच हॉटेलांची रांग, जिथे १९७४ च्या ऑगस्टपासून कुणी राहिलेलं नाही. हे वरोशा. एके काळी भूमध्य समुद्रावरच्या नामांकित पर्यटनस्थळांपैकी एक. सैन्य जवळ आलं तसे लोक नेसत्या वस्त्रांनिशी पळाले, दोन-चार दिवसांत परतू या हिशोबाने. मग भोवती कुंपण पडलं. ऑक्टोबर २०२० मध्ये काही रस्ते फिरायला खुले केले. आता तिथे भाड्याच्या सायकली मिळतात. सायकलवरून ढासळत चाललेलं शहर बघायचं, इमारतीत पाऊल ठेवायचं नाही. ज्यांची ती घरं, त्यांतले काहीजण दक्षिणेकडून येऊन ती रस्त्यावरूनच बघतात.

(दृश्य : शाळेची वही. मुखपृष्ठ.)

दक्षिणेतल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मिळालेल्या वह्यांवर दोन शब्द छापलेले असत : ‘देन क्सेख्नो’. मी विसरत नाही. सोबत उत्तरेत राहिलेल्या एखाद्या गावाचं, मठाचं, बंदराचं छायाचित्र. गणिताची वही उघडली तरी आधी हरवलेलं गाव. जे गाव त्या मुलाने कधी पाहिलेलंच नाही, ते त्याने न विसरायचं. उत्तरेतल्या मुलांना १९६३ नंतरच्या हत्या आणि वेढ्यात काढलेली वर्षं शिकवली जात. तिथे इतिहासाची पुस्तकं २००४ मध्ये बदलली, भाषा सौम्य झाली, नकाशात सगळं बेट आलं. २००९ मध्ये सरकार बदललं आणि पुस्तकंही पुन्हा बदलली.

बेटाच्या शेपटासारख्या टोकाला एक गाव आहे. ग्रीक नाव रिझोकार्पासो, तुर्की नाव दिपकार्पाझ. १९७४ नंतरही इथले काही ग्रीक शेतकरी हलले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या त्यांना दक्षिणेकडून सामान पोचवत आल्या. त्यांच्या मुलांना प्राथमिक शाळेनंतर शिकायचं तर आईबापांना सोडून दक्षिणेला जावं लागे. २००४ मध्ये इथली ग्रीक माध्यमिक शाळा पुन्हा उघडली. पाठ्यपुस्तकं दक्षिणेतून येतात, पण आधी उत्तरेचे अधिकारी ती तपासतात, आणि काही परत पाठवतात.

(दृश्य : लेद्रा पॅलेस या जुन्या हॉटेलजवळचा नाका. माणसांची ये-जा.)

२३ एप्रिल २००३ ला नाके पहिल्यांदा उघडले. एकोणतीस वर्षांनी. मैलभर रांगा लागल्या. लोक आपापल्या जुन्या घरांपुढे जाऊन उभे राहिले आणि आतून दुसऱ्याच कुणी दार उघडलं. अनेक ठिकाणी कॉफी झाली. काही ठिकाणी जपून ठेवलेले जुने फोटो मूळ मालकाच्या हाती आले. सगळीकडे असं गोड झालं नाही. आणि आजही दक्षिणेत अशी माणसं आहेत जी एकदाही पलीकडे गेलेली नाहीत. ‘माझ्याच देशात जायला मी ओळखपत्र का दाखवू?’ हा त्यांचा प्रश्न. त्याला हट्ट म्हणणं सोपं आहे. ज्याचं घर पलीकडे राहिलं नाही, त्याने तसं म्हणू नये असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २००४ ला, एकत्र येण्याच्या आराखड्यावर दोन्हीकडे मतदान झालं. तुर्की बाजूचे ६५ टक्के हो म्हणाले. ग्रीक बाजूचे ७६ टक्के नाही.

नाके उघडल्यापासून काही तुर्की सायप्रसवासी मुलं रोज सकाळी नाका ओलांडून दक्षिणेतल्या इंग्लिश स्कूलमध्ये येऊ लागली. २०१६ च्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर नवंच कोडं आलं. तुर्कस्तानने हिवाळ्यात घड्याळ मागे घेणं बंद केलं, उत्तरेनेही तसंच केलं. दक्षिणेने नेहमीसारखं मागे घेतलं. झालं, एका शहरात दोन वेळा. उत्तरेतून आठला निघालेलं मूल दक्षिणेत सव्वासातला पोचायचं! उत्तरेतच शिकणाऱ्यांचे हाल जास्त होते. त्यांना अंधारात घराबाहेर पडावं लागे. विद्यार्थ्यांना नेणाऱ्या एका गाडीचा पहाटेच्या अंधारात जीवघेणा अपघात झाला, तेव्हा मुलं, पालक, शिक्षक रस्त्यावर उतरले. पुढच्या हिवाळ्यात घड्याळं पुन्हा जुळली.

घड्याळाच्या बरंच आधी जुळलं होतं ते सांडपाणी. उतार काही रेषा बघत नाही. शहराची गटारं अर्धवट राहिली होती. तेव्हा दोन्ही बाजूंचे महापौर, लेल्लोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा आकिंजी, गुपचूप भेटू लागले. मान्यतेचा शब्द निघाला असता तर बैठक तिथेच संपली असती, म्हणून त्यांनी फक्त नळ आणि उतार यांवर बोलायचं ठरवलं. आज दोन्ही निकोशियांचं मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प उत्तरेत आहे. ११ जुलै २०११ ला दक्षिणेत दारूगोळ्याचा स्फोट होऊन सगळ्यात मोठं वीजकेंद्र उद्ध्वस्त झालं, तेव्हा उत्तरेने वीज दिली. दोन्हीकडच्या जेवणात तोच चीज. ग्रीकमध्ये हालुमी, तुर्कीत हेलिम. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्याची नोंदणी दोन्ही नावांनी केली.

(दृश्य : जुना निकोशिया विमानतळ. धावपट्टीच्या कडेला एक जुनं विमान.)

शेवटचं ठिकाण. इथे भारताचा माग आहे. १९६४ मध्ये आलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या, आपले माजी लष्करप्रमुख. ते डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच, कामावर असताना वारले. सायप्रसने त्यांचं टपाल तिकीट काढलं. १९७४ च्या युद्धात सेनापती होते भारताचेच जनरल दिवान प्रेमचंद. या विमानतळावरून दोन्ही सैन्यं झुंजत होती, तेव्हा त्यांनी तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेतला. त्यानंतर इथून प्रवाशांची नियमित वाहतूक झालेली नाही.

याच आवारात एक प्रयोगशाळा आहे. लांब टेबलं, त्यांवर मांडलेली हाडं. १९६३ ते १९७४ मध्ये बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी २,००२ जणांची आहे : १,५१० ग्रीक, ४९२ तुर्क. विहिरींतून, शेतांतून, रस्त्यांखालून हाडं निघतात आणि इथे येतात. हे काम करणारे तरुण शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंचे आहेत. एकाच टेबलाशी उभे राहतात, फासळीला फासळी लावून बघतात. टेबलावरचा माणूस ग्रीक होता की तुर्क, हे हाडांवरून सांगता येत नाही. त्यासाठी डीएनएचा अहवाल यावा लागतो.

आतापर्यंत हजाराहून जास्त जणांची ओळख पटली आहे. ओळख पटली की कुटुंबाला बोलावतात. सांगाडा मांडलेला असतो. काय सापडलं, काय नाही, हे शास्त्रज्ञ समजावून सांगतात. बरेचदा समोर उभा मुलगा आता बापाच्या मरणवयाच्या दुप्पट वयाचा असतो.