एवढ्याशाने काय होतंय?

(दृश्य: कामाच्या ठिकाणचं जेवणाचं टेबल. डबे उघडले जातात. फक्त झाकणांचा आवाज.)

निवेदन:
जेवणाची सुट्टी. झाकणं निघाली, चमचे वाजले, आणि पहिला घास तोंडात जायच्या आधीच पलीकडून प्रश्न आला. "एवढंच?"

मग बाकीचे रांगेने येतात. "डाएट चालू आहे का?" "तुला काय गरज आहे गं?" "करशील महिनाभर, मग येशील जागेवर." बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट नसतं, हे आधीच सांगून टाकते. एकत्र जेवणारी माणसं एकमेकांच्या डब्यात डोकावणारच. पण ज्या बाईच्या डब्याचा रोज असा पंचनामा होतो, ती हळूहळू टेबलावर यायची बंद होते. आपल्या जागेवर बसून, स्क्रीनकडे बघत जेवते. अशा कितीतरी जणी मी पाहिल्यात. पुरुषही पाहिलेत. त्यांना तर लोक आणखी मोकळेपणाने चिडवतात, आणि वर त्यांनी हसावं अशीही अपेक्षा असते.

(दृश्य: जिना. पायऱ्या चढणारी पावलं.)

"का रे, लिफ्ट बंद आहे का?" जिना चढणाऱ्याला हे हमखास ऐकावं लागतं.

जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. 1953 साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसलेले, कंडक्टर दिवसभर बसच्या जिन्यावरून वर-खाली करणारे. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. जिना चढणं त्यांचं कामच होतं, त्यामुळे "फिटनेसचं खूळ लागलंय" असं त्यांना कुणी म्हटलं असेल, असं मला वाटत नाही. आपण मात्र लिफ्ट समोर उभी असताना जिन्याकडे वळतो. ते वळणं शेजारच्याला दिसतं, आणि त्याच क्षणी आपण लिफ्टसमोर थांबलोय हेही त्याला जाणवतं.

(दृश्य: वाढदिवसाचा केक. कागदी प्लेट हातोहात पुढे जातात. एक प्लेट मध्येच थांबते.)

जूलिया मिन्सन आणि बेनुआ मोनँ या संशोधकांनी 2012 मधल्या एका शोधनिबंधात नेमकी हीच जखम चाचपली आहे. मांसाहार करणाऱ्यांना त्यांनी शाकाहारी लोकांबद्दलचं मत विचारलं. काहींना मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न होता: शाकाहारी लोक तुमच्याबद्दल काय विचार करत असतील? ज्यांना हा प्रश्न आधी आला, त्यांनी शाकाहाऱ्यांबद्दल जास्त वाईट मत दिलं. समोरून कुणी त्यांना नावं ठेवलेली नव्हती. नावं ठेवली जातील, ही नुसती धास्ती पुरली.

आता केककडे बघा. ती म्हणाली, "मला नको." टेबलाने ऐकलं, "तुम्ही का खाताय?" म्हणून मग सुरू होतं, "घे गं, एवढ्याशाने काय होतंय!" या आग्रहात प्रेम असतं, आणि थोडी विनवणीही असते: तूही खा, म्हणजे आम्हाला निवांत खाता येईल.

हे एकदा लक्षात आलं की निम्मा राग तिथेच उतरतो. माझा तरी उतरला.

पण उत्तर तर द्यावंच लागतं. इथे आपण बहुतेक जण एकच चूक करतो, समजावून सांगायला बसतो. साखरेचं काय होतं, डॉक्टर काय म्हणाले, मागच्या महिन्यात रिपोर्ट कसा आला. प्रत्येक कारणाला समोर एक उपाय तयार असतो. "मग अर्धा घे." "उद्या जास्त चाल." आपण कारण पुढे केलं, म्हणजे ते तपासायचा हक्कही देऊन टाकला.

व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हाग्टवेट या संशोधकांनी, हेही 2012 सालीच, दोन वाक्यांची तुलना केली. आपल्या भाषेत ती अशी होतील: "मला खाता येत नाही" आणि "मी खात नाही." तब्येतीचा काही ना काही नेम धरलेल्या 30 स्त्रियांचे तीन गट केले. मोह झाला की कुणी कोणतं वाक्य स्वतःशी म्हणायचं, हे ठरवून दिलं. दहा दिवसांनी "मी हे करत नाही" म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणी नेमावर टिकून होत्या. "मला हे करता येत नाही" म्हणणाऱ्या दहापैकी एकच. तिसऱ्या गटाला फक्त "नाही म्हणा" एवढंच सांगितलं होतं, त्यातल्या तीन. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी हा फरक टेबलावर मी स्वतः अनुभवलाय. "चालत नाही" म्हटलं की "कोण म्हणालं?" येतंच. "मी खात नाही. छान दिसतोय पण, कुठून आणलास?" एवढं म्हटलं की बोलणं केकवर जातं, माझ्यावरून उठतं.

(दृश्य: चहाचा कप. कप धरलेला हात किंचित थरथरतोय.)

आता एक गोष्ट माझी.

काही वर्षांपूर्वी माझं वजन भराभर उतरलं. खात होते नेहमीसारखीच. कामावर सगळे खूश. "काय केलंस, सांग ना!" "आम्हालाही दे तो डाएट चार्ट!" त्या दिवसांत चहाचा कप उचलला की बशीवर किणकिण वाजायचा, इतका माझा हात थरथरत असे. रात्री छातीत धडधड. थायरॉइडची ग्रंथी जास्त हार्मोन तयार करत होती. ते निदान व्हायला वेळ लागला, आणि त्यात माझाही दोष आहे. रोज कौतुक होत असताना आपण आजारी आहोत, हे मनाला पटत नाही. "थोडं चालते रोज," असं मी खोटंच सांगत राहिले.

औषधं सुरू झाली. हात स्थिर झाला, झोप लागायला लागली, वजन परत आलं. मी बरी झाले त्याच महिन्यात एक सहकारी खांद्यावर हात ठेवून हळहळली, "सोडलंस का गं सगळं? किती छान झाली होतीस!"

कुणाच्याही शरीराबद्दल, बारीक झालात म्हणून नको आणि भरलात म्हणूनही नको, मी त्या दिवसापासून बोलत नाही. नुसतं बघून कारण कळत नाही. आजार असेल, औषध असेल, दुःख असेल, खाण्याशी चाललेलं जुनं भांडण असेल.

आणि आपल्यापैकी जे नव्याने व्यायामाला लागलेत, त्यांच्याशीही बोलायचंय. "आज फक्त चार हजार पावलं?" हाही शेराच झाला. ज्या दहा हजारांच्या जोरावर तो मारला जातो, तो आकडा दवाखान्यातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथून रुळला. चालणं चांगलंच आहे. शेजाऱ्याची पावलं मोजू नका.

वरिष्ठच बोलत असतील, किंवा नको म्हणूनही रोज तेच चाललं असेल, तर ही थट्टा राहत नाही. एकदा बाजूला घेऊन स्पष्ट सांगा. नाही थांबलं तर तारखा लिहून ठेवा आणि जिथे दाद मागता येते तिथे मागा.

(दृश्य: पुन्हा तेच टेबल. आता कॅमेरा बोलणाऱ्यांवरून सरकतो, गप्प बसलेल्यांवर.)

टेबलावर बहुतेक माणसं गप्प असतात. मला सगळ्यात जास्त आशा त्यांची वाटते. 1950 च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना एका रेषेच्या लांबीची दुसरी रेषा ओळखायला सांगितली. खोलीतले बाकीचे सगळे आधीच सामील होते, ते ठरवून चुकीचं उत्तर देत. डोळ्यांसमोर बरोबर रेषा असूनही, सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं गटाच्या चुकीमागे गेली. मग त्यांनी खोलीत बरोबर उत्तर देणारा एक जण बसवला. फक्त एक. चुकीचं प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशावर आलं.

(दृश्य: केकची प्लेट पुन्हा फिरते आहे. तिच्यापाशी येऊन थांबते.)

"घे गं, एवढ्याशाने काय..."

शेजारी बसलेला माणूस प्लेट उचलतो, पुढच्याकडे देतो. तिच्याकडे वळून विचारतो, "काल ते काम झालं का शेवटी?"

ती सांगायला लागते. डबा तिच्यासमोर उघडाच आहे. बोलता बोलता ती जेवते आहे.