गॅरेजातली माइल्ड

(सुरुवात थेट पातेल्यावर. संगीत नको, नुसता रटरटण्याचा आवाज राहू द्या.)

ही काकवी नाहीये. दिसते तशीच आणि वासही जवळपास तोच, पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा मला सरळ आमच्या कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आठवलं, काहिलीभोवती उभं राहून हात पोळून घेतलेले दिवस. पण हे गुऱ्हाळ नाही, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री म्हणून भाग आहे, तिथलं एक गॅरेज आहे, आणि इथे बीअर बनतेय. पळी फिरवतायत ते माझे शेजारी. वय ७१, आयुष्यभर लेथवर काम केलं, आता रिटायर. त्यांना तोंडावर मी नावानेच हाक मारतो, इथे तशीच पद्धत आहे, पण घरी आमच्याकडे ते काकाच, म्हणून या व्हिडिओतही काकाच.

पातेल्यात काय आहे तर एक किलो डेमेरारा म्हणजे तपकिरी साखर, अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. बास. उकळत उकळत ११५ डिग्रीपर्यंत न्यायचं आणि मग तिथेच धरून ठेवायचं, गॅस अगदी मंद, पाणी आटलं की चमचाभर गरम पाणी वरून सोडायचं. ॲसिडमुळे साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, त्यामुळे थंड झाल्यावर खडे धरत नाही, पाकच राहतो. याला म्हणतात इन्व्हर्ट शुगर. अर्धा तास धरला तर नंबर १, फिकट सोनेरी. दीड-दोन तासांनी नंबर २. आम्हाला पाहिजे नंबर ३, म्हणजे जवळपास तीन तास.

(इथे रंगाचे शॉट एकापाठोपाठ. घाई करू नका.)

बघा ना. पहिल्या तासाला मधासारखा. मग चहासारखा, बिनदुधाचा. आणि शेवटी हा असा, पळीवरून ओघळताना कडेला लाल आणि मध्ये काळा. काकांनी थोडासा बशीत घेऊन मला चाखायला दिला, मनुका, किंचित करपलेपणा, मागून थोडी आंबट चव. नुसती साखर आहे ही यावर विश्वास बसत नाही.

हा दुसरा प्रयत्न आहे बरं का. पहिल्या वेळी काका म्हणाले जरा लक्ष ठेव, मी ट्रायपॉड लावत बसलो आणि थर्मामीटर १४० च्या वर. स्मोक अलार्म वाजला, काकू धावत आल्या, पातेलं अजून डागळलेलंच आहे. ते सगळं शूट झालंय पण काकूंनी परवानगी दिली नाही.

तर हा पाक कशासाठी? माइल्डसाठी.

आज इंग्लंडात कुणालाही विचारा माइल्ड म्हणजे काय, सांगतील काळपट, हलकी, साडेतीन टक्क्यांची, म्हाताऱ्या लोकांची बीअर. काकांना याचा राग येतो. मलाही आता यायला लागलाय, कारण मूळ शब्दाचा रंगाशी संबंध नाही आणि ताकदीशी तर अजिबातच नाही. माइल्ड म्हणजे ताजी. एवढंच. ब्रुअरीतून निघाली की आठवड्या-दोन आठवड्यांत प्यायची ती माइल्ड आणि महिनोन्महिने पिंपात मुरवायची ती स्टेल, शब्दशः शिळी. तेव्हा स्टेल ही शिवी नव्हती, उलट तिला जास्त पैसे पडायचे. आपल्याकडे ताजं तक्कू आणि वर्षभर मुरलेलं लोणचं, कैरी तीच, म्हणून कुणी तक्कूला मवाळ लोणचं म्हणत नाही ना.

(रजिस्टरच्या पानाचा क्लोजअप. कॅमेरा डावीकडून उजवीकडे, हळू.)

हे पान बघा. लंडनच्या एका जुन्या ब्रुअरीच्या रजिस्टरचा फोटो आहे हा, १८३० च्या दशकातलं पान. व्हिटब्रेड, बार्कले पर्किन्स अशा मोठ्या ब्रुअऱ्यांची रजिस्टरं लंडन अर्काइव्हजमध्ये (पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्हज) सांभाळून ठेवलीयत आणि तिथली आकडेमोड बाहेर काढून घरी बीअर बनवणारे बरेच वेडे लोक आहेत. डरडन पार्क बीअर सर्कल नावाचं एक मंडळ तर १९७० च्या दशकापासून हेच करतंय.

पहिल्यांदा पाहिलं तर वाण्याची वही वाटते. डावीकडे माल्ट (मोड आणलेली बार्ली, पुढे दाखवतोच), क्वार्टरमध्ये, एक क्वार्टर म्हणजे ३३६ पाउंड. मग हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, पाउंडात. मग बॅरल, ३६ गॅलनचा एक. आणि हा जो २७ आकडा आहे त्यावर आमचे दोन रविवार गेले. तापमान म्हणावं तर बसत नाही, किंमत म्हणावं तर बसत नाही. शेवटी काकांनी उलगडा केला, एक बॅरल पाण्यापेक्षा माल्टचा एक बॅरल गोड रस किती पाउंड जड, तो हा आकडा. एका पाउंडाला साधारण २.७७ ने गुणायचं आणि हजारात मिळवायचं, म्हणजे २७ चे झाले १०७५. आज होमब्रुवाले ज्याला ओरिजिनल ग्रॅव्हिटी म्हणतात ती ही.

१०७५! म्हणजे सात टक्क्यांच्या वर अल्कोहोल. आणि वरती नाव काय लिहिलंय तर नुसतं एक्स. हा सगळ्यात साधा माल आहे, याच्यावर डबल एक्स, ट्रिपल एक्स अशी चढती भाजणी. रंगाचं म्हणाल तर पानावर एकच माल्ट आहे, पेल, फिकट. काळा माल्ट नाही, साखर नाही (साखर घालायला परवानगीच १८४७ मध्ये मिळाली). म्हणजे ही माइल्ड सोनेरी होती.

आता दुसरं पान. मध्ये शंभर वर्षं गेलीत. नाव तेच, एक्स. आकडा १३, म्हणजे १०३६. आणि यादीत पेल माल्ट, क्रिस्टल माल्ट (भाजलेला, गडद), मक्याचे पोहे आणि नंबर ३ इन्व्हर्ट. आपलं पातेलं.

मधल्या काळात काय झालं ते भरभर सांगतो कारण त्याचं आमच्याकडे फुटेज नाही. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला आणि कर बसवला तो रसाच्या ग्रॅव्हिटीवर, मग ब्रुअर पाहिजे ते घालायला मोकळे झाले, साखर, मका, काहीही. शतक संपता संपता माइल्ड गडद होत गेली. मग पहिलं महायुद्ध, धान्याची टंचाई, कर, सरकारी निर्बंध, युद्धाआधी ब्रिटिश बीअरची सरासरी १०५२ च्या आसपास होती ती १९१८ ला १०३० च्या आसपास, आणि नंतर काही ती पुन्हा तेवढी वर आली नाही. तरी माइल्ड भरपूर खपायची, १९६० च्या दशकात बिटर नावाच्या कडवट बीअरने तिला मागे टाकलं, हळूहळू बऱ्याच पबांतून नळ निघाले.

आमचं ठरलं होतं की दोन्ही पानं बनवायची. दोन्ही वीस-वीस लिटर.

(कूलबॉक्सचं झाकण उघडतं, वाफ.)

हा पिकनिकचा कूलबॉक्स आहे, काकांनी तळाशी नळ बसवलाय. यात माल्ट भिजवायचा. माल्ट म्हणजे काय तर बार्लीला मोड आणून वाळवलेले दाणे, आपण नाचणीचं सत्त्व करायला मोड आणतो त्यातलाच प्रकार. भरडायचा, पीठ नाही करायचं. ६६-६७ डिग्रीच्या पाण्यात दीड तास, दाण्यातलेच एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. आधी घोट घेतला तर पेजेसारखा लागतो, दीड तासाने घेतला तर चक्क गोड. हे मी तीनदा करून पाहिलं, काका हसत होते.

जुन्या एक्ससाठी साडेसात किलो माल्ट आणि तो साधा नाही, शेव्हालियर जातीच्या बार्लीचा. ही जात १८२० च्या दशकात सफोकमध्ये पुढे आली, त्या शतकात इंग्लंडभर तिचंच राज्य होतं, नंतर शेतातून गेलीच. नॉर्विचच्या जॉन इनिस सेंटरने बियाणं जपलेल्या साठ्यातून मूठभर दाणे घेऊन ती परत वाढवली आणि आता तिचा माल्ट विकत मिळतो. महाग आहे. पण १८३० चं पान हातात घेऊन आजच्या बार्लीची बीअर बनवायची म्हणजे... काकांना पटेना. त्याला १२० ग्रॅम गोल्डिंग्ज हॉप्स.

नव्या एक्सला फक्त २ किलो ४०० ग्रॅम पेल माल्ट, २०० ग्रॅम क्रिस्टल, पाव किलो मका, ३५ ग्रॅम फगल हॉप्स आणि उकळताना ३०० ग्रॅम पाक. पाक पडतानाचा हा शॉट मला सगळ्यात आवडतो, धार खाली जाते आणि सगळं पातेलं एका घेराने काळवंडत येतं.

जुन्या एक्सच्या उकळीचं शूटिंग नाही, कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. दीड तास उकळली, एवढं समजा.

(हायड्रोमीटर, एकदम जवळून.)

रस किती जड ते मोजणारी काचेची नळी, आत कागदाची बारीक पट्टी. काका चष्मा कपाळावर सरकवतात, गुडघे वाकवून डोळा बरोबर रसाच्या पातळीला आणतात. फेस फुंकून बाजूला करतात. पहिला, १०७४. एक कमी! काका काही बोलले नाहीत, नुसतं बोट पुसलं. दुसरा, १०३६, बरोबर काट्यावर.

१८ डिग्रीला यीस्ट घातलं. नवी एक्स शहाण्यासारखी बुडबुड करत बसली. जुनीने तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचललं. हे बघा, फेस एअरलॉकमधून (झाकणावरची गॅस सोडणारी नळी) वर, पिंपावरून खाली, गॅरेजच्या फरशीवर, शेजारी काकूंचे बुटाचे खोके. (काकूंचा आवाज कापा.)

घरी बीअर बनवायला इंग्लंडात १९६३ पर्यंत परवाना लागायचा, मॉडलिंग नावाच्या अर्थमंत्र्याने तो काढला, आता स्वतःपुरती बनवता येते, विकता येत नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, घरी बनवणं गुन्हा आहे, तेव्हा कोल्हापुरात बसून ट्राय करू नका.

(सेजली. टेकडीवरचा रस्ता, मग बीकन हॉटेल.)

बाटल्यांमध्ये गॅस भरेपर्यंत काका मला इथे घेऊन गेले. सेजलीचं बीकन हॉटेल, मागे ती उंच विटांची इमारत म्हणजे सेरा ह्यूज ब्रुअरी, वरच्या मजल्यावर सुरू करायचं आणि रस आपोआप खाली उतरत येतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी बंद पडली होती, सेराबाईंच्या नातवाने १९८७ ला पुन्हा सुरू केली. मध्ये एक छोटीशी खिडकी आणि त्यातून चहूकडच्या खोल्यांत ग्लास जातात, वाकून मागावं लागतं. त्यांची डार्क रुबी माइल्ड सहा टक्क्यांची आहे. सहा! म्हाताऱ्यांची हलकी बीअर म्हणणाऱ्यांनी इथे येऊन दोन ग्लास घ्यावेत आणि टेकडी उतरून दाखवावी, हे काकांचं वाक्य.

(गॅरेज. लाकडी फळी, दोन ग्लास. मागून दुपारचं ऊन.)

डावीकडे १८३० चं पान, उजवीकडे १९३० चं. डावीकडचा ग्लास सोनेरी, थोडा गढूळ, आणि कडू, मला वाटलं नव्हतं इतका कडू, मागून ब्रेडच्या कडेसारखी गोडी. उजवीकडचा उन्हात धरला की लाल, तोंडात मनुका आणि चहा, आणि संपतो कधी कळत नाही.

काकांनी उजवा रिकामा केला. डावा अर्धाच ठेवला.

जुन्या एक्सच्या अकरा बाटल्या उरल्यात. काका म्हणतायत पुढच्या ख्रिसमसपर्यंत ठेवू, अजून छान होईल. मी म्हटलं, मग तिला माइल्ड नाही ना म्हणता येणार. त्यांनी पेन घेतलं, खोक्यावरचं एक्स खोडलं आणि वर लिहिलं, स्टेल.