वीज पॅकमध्ये होती

[दृश्य: टेबल, वरून. दिवा डावीकडून. जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्याचं पुढचं कव्हर निघतं.]

आधी फ्लॅश. मघाशी तपासणीसाठी या पोलरॉइडमध्ये फिल्मचा एक जुना पॅक घालून पाहिला होता, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असणार. हा जेमतेम करंगळीएवढा डबा तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि पॅक काढला तरी बराच वेळ तसाच राहतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे लोक आहेत. दिसायला झकास दिसतं, पण कपॅसिटर जातो, कधी बोटही पोळतं. इथे दोन टोकांना, वीज हळूहळू उतरावी म्हणून, रेझिस्टर लावलाय. ठिणगी नाही. फक्त मीटरचा आकडा उतरताना दिसतोय. शून्याजवळ आला की मगच हात आत.

[दृश्य: हातांचा क्लोजअप.]

हे टेबल पुण्यातलं. ज्यांचे हात दिसताहेत त्यांचा मूळ धंदा रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करण्याचा. "चेहरा नको, हात घ्या," एवढी एकच अट त्यांनी घातली. आम्ही त्यांना काका म्हणतो.

टेबलावर आहे पोलरॉइड ६००, काढलेला फोटो लगेच हातात देणारा कॅमेरा. चौकोनी, काळा, प्लॅस्टिकचा. ६०० मालिका १९८१ मध्ये आली. आपल्याकडे असे कॅमेरे बहुतेक वेळा कुणाच्या तरी बॅगेतून आले. अमेरिकेतला मामा, आखातातले काका. त्यांनी सोबत आणलेले दोन-तीन पॅक संपेपर्यंत घरात बारसं, मुंज, वाढदिवस सगळं झालं. पॅक संपले आणि कॅमेरा कपाटात गेला. जुन्या बाजारात तो आजही मिळतो आणि विकणारा हमखास सांगतो, "बंद आहे, शोभेला घ्या."

यातले बरेचसे बंद नसतातच. त्यांना वीज मिळत नसते, एवढंच.

[दृश्य: रिकामा पॅक. चिमट्याने खालचा पत्रा आणि पुठ्ठा सोलला जातो. आतून चपटी बॅटरी निघते.]

हे बघा. हा फिल्मचा पॅक, आणि फोटोंच्या खाली, तळाशी, पोस्टकार्डासारखी ही चपटी बॅटरी. दीड व्होल्टचे चार सेल एकावर एक चिकटवलेले, मिळून सहा व्होल्ट. पॅकच्या बुडाला दोन गोल खिडक्या आहेत. कॅमेऱ्यात पॅक सरकवला की आतल्या पितळी पट्ट्या त्या खिडक्यांतून बॅटरीला टेकतात. शटर, फ्लॅश, फोटो बाहेर ढकलणारी मोटर, सगळं याच एका कागदी बॅटरीवर. कॅमेऱ्यात स्वतःची अशी वीज थेंबभरही नाही.

ही चूक नव्हती. हे मुद्दाम केलेलं होतं, आणि ज्याने केलं त्याला दाद द्यावी लागेल.

[दृश्य: टेबलावर उघडलेला एसएक्स-७०. घडी उलगडते, मिटते, पुन्हा उलगडते.]

एडविन लँड, पोलरॉइडचे संस्थापक. १९४३ मध्ये सान्ता फे इथे सुट्टीवर असताना त्यांच्या लहान मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? चार वर्षांनी, फेब्रुवारी १९४७ मध्ये, लँड यांनी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर मिनिटभरात तयार होणारा फोटो काढून दाखवला. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला, मॉडेल ९५. त्याला बॅटरी लागतच नव्हती. फिल्म हाताने ओढायची, वेळ मोजायचा, कागद सोलायचा.

१९७२ मध्ये लँड यांनी एसएक्स-७० हा घडीचा कॅमेरा जगापुढे आणला आणि हा हाताचा सगळा उद्योग संपला. बटण दाबा, मोटर फिरते, फोटो बाहेर येतो आणि डोळ्यांदेखत उमटतो. पण मोटर आली म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी ऐन वेळी दगा देते हे लँड यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ती फिल्मच्या पॅकमध्येच घातली. नवा पॅक, नवी बॅटरी. ग्राहकाने त्याचा विचारच करायचा नाही.

मोठी हुशारी होती ही. तिचा हिशोब चुकता झाला छत्तीस वर्षांनी. फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइड कंपनीने इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. साधा रोलचा कॅमेरा निदान बाजारातला सेल घालून क्लिक तरी करतो. यांच्या पोटात तेही नव्हतं. उरलेला साठा संपत गेला तसे धडधाकट कॅमेरेही एकेक करून गप्प झाले.

[दृश्य: नकाशा. नेदरलँड्सवर बोट.]

नेदरलँड्समधल्या एन्शेडे शहरातला पोलरॉइडचा कारखाना भंगारात जाता जाता काही जणांनी त्यातली यंत्रं विकत घेतली, रसायनं नव्याने जुळवली, आणि २०१० मध्ये फिल्म परत आली. तिथे आम्ही गेलेलो नाही, म्हणून एवढंच.

[दृश्य: दोन पॅक शेजारी शेजारी. दोन्ही उलटे केले जातात.]

आमच्या कामाची गोष्ट घडली २०१६ मध्ये. नवे कॅमेरे चार्ज होणारी बॅटरी पोटात घेऊन आले आणि त्यांच्यासाठी बिनबॅटरीचा पॅक निघाला, आय-टाइप. डावीकडचा ६००, खिडक्यांतून बॅटरी दिसतेय. उजवीकडचा आय-टाइप, आत बॅटरीच नाही. माप तेच. फिल्मचा वेग तोच. आठ फोटो यात, आठच त्यात. आय-टाइप थोडा स्वस्त, आणि दर आठ फोटोंमागे एक बॅटरी कचऱ्यात जात नाही. पण जुन्या ६०० मध्ये तो घातला तर कॅमेरा ढिम्म. पट्ट्या टेकायला काही नाही.

काही जण यावर अंधारातला उपाय करतात: काळ्या पिशवीत हात घालून आय-टाइपचे फोटो वापरलेल्या ६०० च्या पॅकमध्ये भरायचे, कारण त्या बॅटरीत अजून जीव असतो. चालतं. पण एक बोट चुकीच्या जागी पडलं की फोटोवर कायमचा डाग.

काकांचा रस्ता वेगळा. वीज फिल्मकडून काढून घ्यायची आणि कॅमेऱ्याला द्यायची.

[दृश्य: तपकीर गल्ली, दुकानांच्या फळ्या, ड्रॉवर. मग टेबलावर सुटे भाग.]

सामान सगळं बुधवार पेठेतलं. दोन लिथियम सेल, दोघांना समान चार्ज करणारं सर्किट, व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, सहा पायांचा सरकता स्विच, टाइप-सी सॉकेट.

दोन सेल का? एका सेलचे तीन पॉइंट सात व्होल्ट, ते वाढवून सहा करणारी स्वस्त पट्टी मिळते, आणि बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. मीटरवर छान सहा दिसतात. आता पुढचा शॉट बघा.

[दृश्य: फोटो अर्धा बाहेर आलेला, अडकलेला. मोटर कण्हते आणि थांबते.]

मीटर खोटं बोलत नव्हतं, पण तेव्हा कॅमेरा काही मागतच नव्हता. मोटर सुरू होते त्या क्षणाला तिला एकदम मोठा करंट लागतो. चपटी बॅटरी तो सहज द्यायची, ती त्यासाठीच बनवलेली. छोटी पट्टी धापा टाकते, व्होल्टेज कोसळतं आणि फोटो रोलरांच्या मधोमध अडकतो. त्याच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत औषधाची पुडी असते, ती अशी अर्धी पिळली जाते. फोटो गेलाच, वर तो चिकट अल्कलाइन लगदा रोलरवर वाळतो.

म्हणून दोन सेल एकामागे एक. पूर्ण भरल्यावर आठ पॉइंट चार व्होल्ट, आणि तिथून खाली उतरवून सहा. खेचायला ताकद उरते. शेजारी एक मोठा कपॅसिटर, पहिल्या झटक्याला हात द्यायला.

[दृश्य: रोलर काढलेले. ओलं फडकं. वाळलेला पांढरा थर निघतो.]

मध्येच रोलर. हे काम कुणी दाखवत नाही, आणि फोटोवर ठरावीक अंतराने येणारे ठिपके बहुतेकदा यांच्यामुळेच असतात. ओलं फडकं, मग थोडं अल्कोहोल, एक टोक हाताने फिरवत राहायचं. ब्लेड लावायचं नाही. स्टीलवर ओरखडा पडला की तो प्रत्येक फोटोत उमटणार.

[दृश्य: सोल्डर. धूर. लाल वायर, काळी वायर. स्विचचे सहा पाय, अगदी जवळून.]

आता मुख्य जोडणी. पितळी पट्ट्या काकांनी तोडल्या नाहीत. अनेक जण थेट त्यांच्यावरच सोल्डर मारून मोकळे होतात. मग कधी चुकून बॅटरीवाला ६०० चा पॅक आत गेला की दोन बॅटऱ्या समोरासमोर उभ्या. इथे पट्टीकडून येणारी प्लसची वायर सोडवून स्विचवर आणली आहे. स्विच डावीकडे: कॅमेरा पॅकची वीज घेतो, अगदी १९८१ सारखा. उजवीकडे: नवी बॅटरी. सहा पायांचा घेतला तो एवढ्यासाठी की स्विच डावीकडे असताना उरलेले तीन पाय लिथियमची लाइन तोडतात. नाहीतर कन्व्हर्टर रिकामा बसूनही थोडी थोडी वीज खात राहतो आणि महिन्याभराने कॅमेरा हातात घ्यावा तर बॅटरी झोपलेली.

हे सगळं कॅमेऱ्याच्या आत मावत नाही. तळाला एक पातळ डबी बसते, चार स्क्रूंवर. दिसायला सुबक म्हणता येणार नाही. पण उद्या कुणाला कॅमेरा मूळ रूपात हवा असेल तर स्क्रू काढा, एक वायर परत जोडा, झालं. ज्या बदलातून मागे येता येत नाही त्याला दुरुस्ती म्हणायला आमची जीभ तरी वळत नाही.

[दृश्य: आय-टाइपचा पॅक आत सरकतो. दार बंद. मोटरचा आवाज पूर्ण ऐकू द्या.]

दार लावताच काळं झाकण बाहेर. म्हणजे मोटर, गिअर, रोलर जागेवर आहेत. काउंटरवर दहा दिसतात, फोटो मात्र आठच. जुने कॅमेरे दहाच्या पॅकसाठी बनले. दोनचा आकडा आला की पॅक संपला समजायचं.

[दृश्य: कॅमेऱ्याचे मालक, आजी-आजोबा, व्हरांड्यात. फ्लॅश. फोटो बाहेर येतो.]

फोटो हलवायचा नाही. उजेडापासून झाकून उलटा ठेवायचा. रंगीत फिल्मला दहा-पंधरा मिनिटं. फिल्मला तेरा ते अठ्ठावीस अंश मानवतात. चित्रण एप्रिलमधलं, पुण्यातलं, त्यामुळे पिवळसर झाक आली आहे. पॅक फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

[दृश्य: आजींचा जुना अल्बम, त्याच कॅमेऱ्याने काढलेली मुंज. निवेदन नाही. संगीतही नको.]

[दृश्य: डबीवर चिकटवलेली चिठ्ठी.]

लिथियम म्हटलं की जोखीम आली: सेल फुगला तर वापर थांबवायचा, चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आणि संपलेला सेल घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यायचा. फिल्म अजूनही महागच आहे.

[दृश्य: टेबलावर दुसरा कॅमेरा येतो. रुंद, चपटा.]

हा स्पेक्ट्रा, पोलरॉइडचाच, १९८६ चा. भिंगं आणि काच यांत कुठेही खोट नाही. याची फिल्म वेगळ्या मापाची, आणि ती २०१९ मध्ये बंद झाली. डबी यालाही बसवता येईल, सहा व्होल्ट यालाही देता येतील, पुढे आत घालायला काही नाही. जुन्या बाजारात कॅमेरा हातात घेतलात तर आधी त्याला कुठला पॅक लागतो ते विचारा, मग किंमत.