फुगा, हाड आणि नस

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्यातला एक रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या आतली चित्रं बघणारा माणूस.

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एक बाई आल्या. डाव्या डोळ्याला नाकाच्या बाजूचं धूसर दिसायचं. चष्मा दोनदा बदलून झाला होता. एमआरआयमध्ये दिसलं की मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला, डोळ्याची धमनी निघते त्याच जागी, फुगा आलाय आणि तो डोळ्याच्या नसेला, म्हणजे दिसलेलं मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूला, रेटतोय. डॉक्टर याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. फुग्यात रक्त शिरू नये म्हणून ऑपरेशन करून त्याच्या मानेशी क्लिप बसवायची होती.

“एमआरआय झालाय की! मग सीटी कशाला, अँजिओग्राफी कशाला?” बाईंनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं.

आपला घोडबंदर रोड आठवा. पाण्याची लाईन एका नकाशात, केबल दुसऱ्या. एकच नकाशा बघून खणलं की काय होतं, ते ठाणेकरांना सांगायला नको. एमआरआयमध्ये नस छान दिसते, हाड नाही. हाड दाखवते सीटी. आणि इथे फुगा झाकला जातो तो हाडाच्या एका टोकामागे. ते आधी घासून काढावं लागतं. ड्रिलच्या उष्णतेनं शेजारची नस भाजू नये म्हणून सतत पाणी सोडत. काहींचं ते हाड आतून पोकळ असतं. हे आधी कळलं नाही, तर मेंदूभोवतीचं पाणी नाकावाटे गळू शकतं.

तिसरी तपासणी अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत औषध सोडून काढलेले एक्स-रे. पोर्तुगीज डॉक्टर मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये सुरू केलेली. आज कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, मांडीतून किंवा मनगटातून जातो. रक्त कसं वाहतं ते हिच्यातच नीट कळतं. गंमत म्हणजे धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून संगणक यात हाडच पुसून टाकतो!

म्हणून तिन्ही चित्रं एकमेकांवर बसवतो. नस पिवळी, धमनी लाल, हाड पांढरं. दिसतं देखणं, पण रंग आम्ही भरलेले असतात. किती उजळ ठिपका धमनी धरायचा, ती पातळी जराशी सरकवली की फुग्याची मान जाड किंवा बारीक दिसते. त्यामुळे मी सर्जनला रंगीत चित्राबरोबर मूळ करडे काप, म्हणजे एकेका थराची चित्रंही दाखवतोच. कवटी उघडून पाणी निघालं की मेंदूही किंचित खाली बसतो, मग मायक्रोस्कोपखाली जे दिसेल तेच खरं.

आणि हो, ही जुळवणी फिल्मवरून होत नाही. पातळ कापांचा मूळ डेटा लागतो, तो सीडीत असतो. बाईंनी फिल्मची मोठी पिशवी आणली होती, सीडी मात्र घरी, कपाटात. मुलगा भर पावसात रिक्षा करून घेऊन आला.