ताप कोणत्या गावचा?

श्रोतेहो, नमस्कार. आज एका जंतूबद्दल बोलायचंय. स्ट्रेप्टोकोकस त्याचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. पोरांचा घसा धरतो, गिळताना टोचतं, ताप येतो, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरं घेतलं की बहुतेक वेळा विषय संपतो. पुरं घेतलं की, हे लक्षात ठेवा. ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायच्या नाहीत.

पण हाच जंतू कधीकधी रक्तात शिरतो, कातडीखालच्या मांसात पसरतो, बाळंतिणीच्या गर्भाशयात जातो. मग माणूस तासातासाला खालावतो. असे गंभीर पेशंट एका मुलखात किती, कुठं आणि कसे होतात याची नोंद ठेवणं, हा आजचा विषय. त्यात केसपेपरवरच्या पत्त्याला फार मोल आहे. पत्त्याला, श्रोतेहो. का, ते सांगतो.

स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठी ॲबरडीन नावाचं शहर आहे. १७८९ च्या डिसेंबरात तिथं बाळंतिणी तापानं जायला लागल्या. बाळंतपण सुखरूप व्हायचं, मूल ठणठणीत. आणि एक-दोन दिवसांत आईला हुडहुडी भरायची, अंग फणफणायचं, पोटाला हात लावू द्यायची नाही. कित्येक घरांतली आई आठवडाभरात गेली. लोक म्हणायचे, हवाच बिघडलीय. त्या काळचे डॉक्टरही तेच म्हणायचे.

त्या शहरात अलेक्झांडर गॉर्डन नावाचे एक डॉक्टर होते. आधी आरमारात सर्जन होते, म्हणजे नोंदी ठेवायची शिस्त अंगात मुरलेली. त्यांनी कागद घेतला आणि रकाने पाडले. बाईचं नाव. वय. राहायला कुठं. आजारी कधी पडली. बरी झाली की गेली. आणि आणखी एक रकाना: बाळंतपण कुणी केलं?

एकेक करत ७७ बायका त्या तक्त्यात आल्या. आणि तक्ता बोलायला लागला. हवा बिघडली असती, तर ताप गल्लीत सगळ्यांकडं सारखा फिरला असता. तसं होत नव्हतं. ठरावीक सुइणींच्या हातून बाळंत झालेल्या बायका आजारी पडत होत्या, बाकीच्या खुशाल होत्या. पुढं पुढं गॉर्डन आधीच सांगायला लागले, की अमक्या बाईला ताप येणार. बाळंतपणाला कोण जाणार आहे एवढं कळलं की त्यांना पुरे व्हायचं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते खरं ठरायचं.

त्या रकान्यात त्यांचं स्वतःचंही नाव होतं. त्यांनी ते खोडलं नाही. १७९५ मध्ये त्यांनी पुस्तक छापलं, सुइणींची नावं दिली, आणि आपणही हा रोग कितीतरी बायकांपर्यंत नेला हे स्वतःच्या हातानं लिहिलं. रोग्याचे कपडे, अंथरूण जाळा नाहीतर नीट शुद्ध करा, आणि तिची सेवा करणाऱ्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी अंग स्वच्छ धुवा, कपड्यांना धुरी द्या, असंही सांगितलं. गाव त्यांच्यावर उलटलं. ते पुन्हा आरमारात गेले आणि १७९९ मध्ये क्षयानं वारले. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी बाकीच्या डॉक्टरांना हात धुवायला लावले ते १८४७ मध्ये. बाळंतिणीच्या तापात हा माळेचा जंतू फ्रान्सचे शास्त्रज्ञ पाश्चर यांनी दाखवला तो १८७९ मध्ये. गॉर्डननी जंतू कधी पाहिलाच नाही. नुसत्या रकान्यांवरून त्याची वाट शोधली.

जाता जाता एक बोलतो. सुईण म्हटलं की अडाणी, असं म्हणायची आपल्याकडं सवय झालीय, ती मला मुळीच पटत नाही. ॲबरडीनच्या तक्त्यात शिकलेला डॉक्टरही होताच. आणि आजही अंगठ्या, घड्याळं घालून वॉर्डात पेशंट तपासणारे डॉक्टर दिसतात. कोपरापासून खाली हात मोकळाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

असो. आजची नोंद कशी होते? अमेरिकेत १९९५ पासून काही ठरावीक भागांत ही मोजणी सतत चालू आहे. नियम साधा आहे. जंतू नुसता घशात सापडला तर मोजायचा नाही. रक्त, मेंदूभोवतीचं पाणी, सांध्यातलं पाणी, जिथं एरवी एकही जंतू नसतो तिथं सापडला तर मोजायचा. मग त्या भागातल्या एक लाख वस्तीमागं किती, हे काढायचं. इंग्लंडमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात हे आकडे चढले, ते मोजणीमुळं लगेच दिसलं, आणि पोरांच्या घशाला औषध लवकर द्या असं डॉक्टरांना डिसेंबरातच सांगता आलं.

आता आपल्याकडं या. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा. बारा तालुके. चंदगडचा माणूस दुखणं वाढलं की बेळगावला जातो. शिरोळचा मिरज गाठतो. उलट निपाणीचा कोल्हापुरात येतो. आणि केसपेपरवर नातेवाईक घाईघाईत काय सांगतात? "कोल्हापूर." झालं! पेशंट राधानगरीच्या वाडीवरचा की शहरातल्या पेठेतला, कळायचा मार्ग बंद. दूध संस्थेत रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या नावापुढं लिटर आणि फॅट न चुकता लिहिणारा आपला जिल्हा. त्याला हे जड आहे का?

म्हणून गाव सांगा, वाडी सांगा, तालुका सांगा. आणि जखम कशी झाली तेही सांगा. ऊस तोडताना कोयता लागला, पुराच्या पाण्यात पाय चिरला, पोराला कांजिण्या होत्या, बाळंतपण होऊन चार दिवस झाले, जे असेल ते.

दुसरी गोष्ट रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायच्या तपासणीची. गंभीर पेशंटचं रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यावं लागतं, पण त्यापायी औषध थांबवायचं नाही. मेडिकलमधून परस्पर दोन गोळ्या घेऊन आलेल्या पेशंटच्या कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच उगवत नाही, आणि मोजणीतून तो निसटतो.

आणि हे नीट ऐका. जखम दिसायला एवढीशी, पण दुखणं सहन होण्यापलीकडचं. लाली बघता बघता पसरतेय. सोबत ताप, किंवा माणूस बरळतोय. असं असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या. पुन्हा सांगतो: जखम छोटी, दुखणं फार, तर रात्रीच. पेनिसिलिनला हा जंतू आजही दबतो, पण कातडीखाली पसरलेला असेल तर खराब झालेलं मांस ऑपरेशन करून काढावं लागतं, आणि त्याला जितका उशीर तितकं जास्त काढावं लागतं. निघताना गडबड असणारच, तेवढ्यात आधार कार्ड सोबत घ्या. त्यावरचा पत्ता जुना असेल, तर सध्या राहता ते गाव केसपेपरवर तोंडी सांगून लिहून घ्या.

नमस्कार.